वाडीच्या उताऱ्यावर तुझं नाव

आई, बाबांनी तुला घराबाहेर काढलं आणि आपण आगर गावी मामाकडे राहायला आलो, ते दिवस आज फार आठवतायत. कोर्टाने तुझी पोटगी ठरवली, तिचा बोजा बाबांच्या चिकूच्या वाडीवर ठेवला. मामा खूश झाला. "झालं, जिंकलीस!" तू चुलीवर सुके बोंबील भाजत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "निकाल कोर्टात, वाडी तलाठ्याकडे. तिथं चढवल्याशिवाय कोणाला काय कळणार?" आपल्याकडच्या बायका निकालाची प्रत देवापुढे ठेवत आणि तिथेच राहू देत. तूही ठेवलीस, हात जोडलेस, आणि दुसऱ्या दिवशी उचलून पिशवीत घातलीस.

तलाठी कचेरीत मी तुझ्या पदराआड उभी आहे. "चल ना घरी, लोक बघतात." "बघू दे. ताठ उभी राहा," तू दटावतेस. तलाठी तुझा अर्ज घेतो, फेरफार लिहितो, बाबांना नोटीस काढतो. बाबा तणतणत आले, "बायको आता माझ्या वाडीवर नाव लावणार काय?" हरकतीची मुदत संपली, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली, आणि सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात तुझं नाव आलं.

मग बाबांनी वाडी विकायला काढली. उधव्याकडचा एक गुजराती व्यापारी उतारा बघून थेट आगरला आला. "बेन, नाव काढून द्या ने. तुम्हाला खूश करीन." तू त्याला चहा दिलास. "शेठ, घ्या की वाडी. फक्त माझी पोटगी मग तुम्ही द्यायची, मी मरेपर्यंत. आणि मी चांगली धडधाकट आहे." तो अर्धा कप टाकून उठला, मामीला हसू आवरेना. त्यानंतर गिऱ्हाईक फिरकलंच नाही. बाबांच्या मागे वाडी दादाला नि मला मिळाली. तुझ्यामुळे मिळाली, हे मी येईल-जाईल त्याला सांगते.

पोटगी तुझ्या हयातीपुरती होती. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नोंद तशीच आहे, कारण कमी करा म्हणून कोणी अर्जच दिला नाही. आता दादाला कर्ज काढून नवी कलमं लावायचीत, आणि बँकेला उतारा कोरा हवा. त्याचं काही चुकत नाही. तुझ्या मृत्यूचा दाखला आणि अर्ज घेऊन काल मीच निघाले. पण वाडीच्या कागदावर तू आहेस ती तेवढ्याच एका ओळीत. दादाला सांगितलं, कचेरी बंद होती.

उघडी होती, आई.