तिसरी रेघ

च्वानचौ, शरदातली पौर्णिमा, १९३१

तीर्थरूप दादा यांस,
धाकट्या रुईचा सा. न. वि. वि.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. शूमेईवहिनीला म्हणावं, सासूबाईंनी लेकीसाठी सणाचे मूनकेक पाठवलेत. तुम्ही एकट्याने फस्त करू नका.

यांचं पिनांगहून तीन वर्षं पत्र नाही. देवळाबाहेर एक म्हातारे कौल लावतात. माझ्या लग्नाआधी तुम्ही तीन नाणी सहा वेळा टाकायला लावून, खालून वर सहा रेघा काढल्या होत्यात, तो कौल त्यांना सांगितला. मुलीचं लग्न शुभ, असं तुम्ही म्हणाला होतात. तिसऱ्या खेपेला तिन्ही नाणी एकाच बाजूने पडली, हेही मी बोलून गेले.  म्हातारे म्हणाले, अशी रेघ फिरते, आणि कौलाचा खरा अर्थ फिरत्या रेघेत असतो. ती सांगते की नवरा दूर जातो तो परतत नाही.

दादा, बाबांनी ही विद्या तुम्हालाच शिकवली. ती रेघ नजरेतून निसटली का? तसं असेल तर तेवढंच लिहा. मी विश्वास ठेवीन.

मोठ्यांचा लोभ आहेच, तो असाच राहो.
रुईछिंग

---

चांगचौ, पौर्णिमेनंतर आठवड्याने

चि. सौ. रुईस अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, रस्त्यावरच्या माणसाचं काय ऐकतेस! फिरती रेघ म्हणजे नुसता इशारा. शिवाय दोन्ही लग्नं एकाच बोलीत ठरलेली. तुझं मोडलं असतं तर शूमेई या घरात आली असती का? आणि जावईबापूंचं पिनांगातलं दुसऱ्या बाईबरोबरचं बिऱ्हाड तर लग्नाआधीपासूनचं. परदेशी राहणाऱ्या पुरुषाचं असं चालायचंच.

वहिनीला दिवस गेलेत. मन मोठं कर, आमच्यावर माया ठेव.
बिंगवेन

---

च्वानचौ, थंडीची सुरुवात

बिंगवेन,

मी फक्त रेघेबद्दल विचारलं होतं. बिऱ्हाडाचं मला ठाऊक नव्हतं.

तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या. म्हणाल्या, मुलीला सगळं माहीत आहे आणि मान्य आहे, असं तुझ्या भावानेच सांगितलं होतं.

शियामेनला चहाच्या वखारीत पानं निवडायचं काम मिळालंय. सासूबाईंनी स्वतः होडी ठरवून दिली. पत्ता देत नाही.

वहिनीला यातलं काही कळवू नका, तिला जपा. बाळासाठी कौल लावावासा वाटला, तर दुसऱ्या कोणाकडून लावून घ्या.

रुईछिंग