आफ्टरनून टी, चार ते सहा

११ जानेवारी १९८१, रविवार. सकाळी.

निर्णय झाला. निर्मलाबाईंना लग्नाचे विचारायचे. मुदत ३१ जानेवारी. फॅक्टरीच्या स्टोअर्समध्ये एकवीस वर्षे मुदतीत काम केले, हेही होईल.

माझे वय अठ्ठेचाळीस. शकुंतला जाऊन चार वर्षे झाली. उषा तुमसरला दिली. क्वार्टरमध्ये मी आणि रेडिओ. निर्मलाबाई भंडाऱ्याच्या शाळेत शिकवतात, उषालाही त्याच होत्या. वय बेचाळीस. यजमान लग्नानंतर दोनच वर्षांत गेले, मूलबाळ नाही. स्वभाव शांत. अक्षर उत्तम.

काल त्यांचे भाऊ यादोराव एकोडीहून आले. नव्या धानाचे तांदूळ आणले. चहा होण्याआधीच म्हणाले, बहीण एकटी, तुम्ही एकटे, पाट लावून टाकू, तिची ना नाही. आमच्या लोकांत विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लागतो, त्यात गैर काही नाही. पण असा विषय बैलजोडीसारखा उभ्या उभ्या ठरवायचा? विचार करतो म्हणालो. यादोराव म्हणाले, "विचार कायले करता जी? तिले विचारा."

ॲटमॉस्फिअर हा प्रकार त्यांना माहीत नाही.

मला आहे. आमचे असिस्टंट मॅनेजर नागपूरच्या क्राउन व्ह्यू हॉटेलात जातात. तिथे रोज चार ते सहा आफ्टरनून टी असतो. तीन मजली प्लेट येते. गालिचा. मंद आवाजात पियानोची रेकॉर्ड. अशा ठिकाणी विचारले तर कोणतीही स्त्री नाही म्हणणार नाही.

१४ जानेवारी, बुधवार.

तिळगुळाच्या निमित्ताने निर्मलाबाईंकडे गेलो. रविवारी नागपूरला काम आहे, येता का, असे सहज विचारले. येते म्हणाल्या. मग हॉटेलचे सांगितले. ते ऐकून त्यांनी तिळगुळाचा डबा बंद केला, पण येणार. हॉटेलची जादू.

त्यांच्या गल्लीत आता रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालेल, त्यांना बोलावणे नसते, असे त्या बोलता बोलता म्हणाल्या. मी म्हणालो, बरे झाले, रविवार मोकळा मिळाला.

१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी सात.

पहिला टी. यशस्वी.

त्या भंडाऱ्याला बसमध्ये बसल्या, मी जवाहरनगरच्या स्टॉपवर. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, पण त्यांच्या शेजारची सीट रिकामी. तिच्यावर त्यांची पर्स होती म्हणून कोणी बसले नव्हते. नशीब लागते.

वाटेत त्यांनी विचारले, क्वार्टरमध्ये एकट्याने करमते का. मी सांगितले, सध्याचे टाइप टू आहे, टाइप थ्रीच्या यादीत माझा नंबर नववा. त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. सस्पेन्स टिकवला.

हॉटेल अपेक्षेप्रमाणे. सँडविच काकडीचे, कडा कापलेले, दोन घासांत संपणारे. प्लेटमध्ये जाळीचा कागद होता, तो खाण्याचा, काढण्याचा की तसाच ठेवण्याचा, हे ठरवण्यात वेळ गेला. (तसाच ठेवायचा. माझ्या तोंडात थोडा गेला.) चहा, दूध, साखर सगळे वेगवेगळे. मी त्यांना क्रम समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि चहा बशीत ओतून प्यायला. पुढे सुधारणा होईल.

मग त्यांनी विचारले, "आपण इथं कायले आलो, वासुदेवराव?"

संधी होती. पण केकचा मजला बाकी होता. अर्ध्यावर असला विषय काढणे शोभत नाही. म्हणालो, ॲटमॉस्फिअरसाठी. त्यांनी मान हलवली. समजल्या.

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी.

मुदत एक दिवसाने हुकली. ३१ तारीख शनिवार होती, त्याला माझा इलाज नाही.

सूट घातला होता. शिंप्याने गळ्याचे माप चुकवले, टाय बांधल्यावर मान वळत नव्हती, म्हणून निर्मलाबाईंकडे पाहायला पूर्ण वळावे लागे. त्यामुळे रुबाब आला.

भाषण लिहून नेले होते. चार परिच्छेद, शेवटचा इंग्रजीत. पण तो मिशीवाला म्हातारा वेटर! मी घसा साफ केला की तो येऊन विचारी, आणखी गरम पाणी? सहा वेळा. शेवटी निर्मलाबाईंनीच त्याला सांगितले, बाबाजी, आम्हाले काही लागलं तर हाक मारू, तुम्ही जरा बसा. मग कप बाजूला सारला, हात मांडीवर घेतले आणि मला म्हणाल्या, "बोला."

कागद कोटाच्या आतल्या खिशात आणि कोटाची बटणे घट्ट. बटणे काढीपर्यंत काहीतरी बोलणे भाग होते, म्हणून चांदीच्या चमच्यांचे पॉलिश कसे टिकवतात ते सांगायला सुरुवात केली. विषय लांबला. स्टोअर्सचा अनुभव असल्याने माझ्याकडे माहिती पुष्कळ आहे. त्या शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. असा श्रोता मिळत नाही.

नवी मुदत २८ फेब्रुवारी.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

उषाचे पत्र. बाबा, हॉटेल कशाला, बाईंच्या घरी जाऊन सरळ विचारा, त्या वाट पाहून राहिल्या आहेत. हिला तुमसरला बसून काय दिसते? आजकालच्या पोरांना प्रत्येक गोष्टीची घाई.

१५ फेब्रुवारी, रविवार.

निर्मलाबाईंनी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली होती. आज जेवायला या, वांग्याची भाजी आणि एकोडीच्या तांदळाचा भात करते, दोघेच असू. नम्रपणे नकार कळवला. इतके दिवस वाढवलेली पातळी एका वांग्यासाठी खाली आणायची? दुपारी कँटीनमध्ये जेवलो. डाळ करपलेली.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी सहा.

टीचे ॲटमॉस्फिअर कमी पडते असे लक्षात आल्याने आज लंच. एटिकेटचे इंग्रजी पुस्तक लायब्ररीतून आणून दोनदा वाचले होते. त्यात ठळक लिहिले आहे की जेवणाच्या वेळी वाटीत कोमट पाणी आणि लिंबाची चकती येते, ते प्यायचे नसते, त्यात बोटे बुडवायची. पुष्कळ लोक इथेच फसतात.

वाटी आली. लिंबाची चकती होती. मी शांतपणे दोन्ही हातांची बोटे बुडवली, नॅपकिनला पुसली आणि निर्मलाबाईंना हळूच सूचना दिली. त्यांचा चमचा तोवर तोंडात गेला होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, याच्यात मीठ आहे जी. मी म्हणालो, मोठ्या हॉटेलात असते.

ते क्लिअर सूप निघाले. वेटरने ठेवताना सांगायला हवे होते. शेजारच्या टेबलावरची मंडळी पाहत होती. निर्मलाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले, चमचा खाली ठेवला आणि आपलीही बोटे वाटीत बुडवली, अगदी सावकाश, माझ्यासारखीच. मग पुसली. शिकण्याची वृत्ती चांगली आहे.

नंतर त्या हसल्या. दीड महिन्यात इतक्या हसल्या नव्हत्या. त्या भरात विचारणार होतो, पण बोटे चिकट झाली होती. अशा हातांनी हा विषय नको.

महत्त्वाचे परतीच्या बसमध्ये घडले. बपेऱ्याचे आनंदराव म्हणून कोणी आहेत. विधुर, तलावाखाली आठ एकर धान. गेल्या गुरुवारी ते निर्मलाबाईंच्या घरी आले, चहा प्यायले आणि पाट लावाल का असे विचारून गेले. हे सगळे त्यांनी मला सांगितले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी काय सांगू त्यांना? तुम्हाले काय वाटते?"

लगेच ओळखले. माझे मन किती मोठे आहे हे त्या पाहत होत्या. हलका माणूस चिडला असता. मी शांतपणे, नि:पक्षपातीपणे मत दिले. तलावाचे पाणी म्हणजे धानाची चिंता नाही, वय जुळते, माणूस सरळ दिसतो, माझ्या मते हरकत नसावी.

मौद्यापासून माझा स्टॉप येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. भारावल्या.

२८ फेब्रुवारी, शनिवार.

मुदत आज संपली. परिस्थिती अनुकूल असल्याने ती वाढवायला हरकत नाही.

१५ मार्च, रविवार.

टीचे निमंत्रण दिले होते, पण त्यांना शाळेच्या परीक्षांचे काम आहे. मी एकटाच नागपूरला जाऊन टेबलाची पाहणी केली. कोपऱ्यातले, कुंडीजवळचे चांगले. पंखा थेट डोक्यावर नाही.

४ एप्रिल, शनिवार.

निर्मलाबाईंची चिठ्ठी. अक्षर नेहमीप्रमाणे सुरेख. "तुम्ही बसमध्ये दिलेल्या सल्ल्याबद्दल भेटून सांगायचं आहे. पत्रात बरं दिसत नाही. तुम्ही म्हणाल तिथे येते. सोबत आणखी एक जण असतील."

म्हणजे यादोराव. होकार द्यायला घरचा वडीलधारा माणूस लागतोच. रीतीच्या पक्क्या आहेत.

कुंडीजवळचे टेबल १२ तारखेला राखून ठेवायला हॉटेलला पत्र टाकले. केकही सांगितला. वर इंग्रजीत "टु निर्मलाबाई, विथ ऑल माय हार्ट" असे लिहायला कळवले. मराठी अक्षरे त्यांच्याकडे काढत नाहीत. भाषण छोटे केले, दोन परिच्छेद. कोट ढिला करून घेतला.

१२ एप्रिल, रविवार. संध्याकाळी.

सोबत आनंदराव होते.

धोतर, पांढरी टोपी, पायात नवे बूट. नमस्कार करून म्हणाले, तुम्ही बाईंना चांगलं सांगितलं, नाहीतर त्यांचं मन होत नव्हतं. पाट १० मेला, एकोडीला. निर्मलाबाई मेनूकार्डाकडे पाहत होत्या.

आनंदरावांनी वेटरला विचारले, तुमच्या इथं गरम काय मिळते, आणि तुम्ही कोणत्या गावचे. वेटर मोहाडीकडचा निघाला. त्याचे नाव जागेश्वर. त्याच्या भाच्याची सासुरवाडी बपेरा. पुढची दहा मिनिटे त्या दोघांचे कोणाची विहीर आटली यावर बोलणे चालले. मी तीन महिने येतो आहे, मला तो फक्त गरम पाण्याचे विचारायचा. जागेश्वरने तिसरी खुर्ची आणली, आणि मेनूत नसलेली भजी.

मग केक आला.

मी तो आधीच रद्द करायला हवा होता, पण तेव्हा रद्द करण्याचे कारण नव्हते. निर्मलाबाईंनी केकवरचे वाचले. दोनदा वाचले. आनंदरावांना इंग्रजी येत नाही, त्यांनी काय लिहिले आहे असे विचारले. त्या म्हणाल्या, मनापासून शुभेच्छा. आनंदरावांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी उठून चार शब्द बोललो. खिशातल्या भाषणाचा पहिला परिच्छेद सहजीवनावर आहे, तो चालला. दुसरा ठेवला.

आनंदरावांनी केकचे दोन तुकडे खाल्ले. कापून मी देत होतो.

१९ एप्रिल, रविवार.

शांत डोक्याने विचार केला. दोष ॲटमॉस्फिअरचा नाही. वेटर वारंवार आला, टाय घट्ट होता, सूपबद्दल पूर्वसूचना नव्हती. पुस्तक लायब्ररीला परत केले. शेवटच्या पानावर पेन्सिलीने सूपबद्दल एक ओळ लिहून ठेवली, पुढच्या वाचकाला उपयोगी पडेल.

उषाला कळवले. पोस्टकार्डावर. जास्त लिहिण्यासारखे नव्हते.

८ मे, शुक्रवार.

एकोडीला जायचे नाही असे ठरवले आहे. स्टोअर्सचे ऑडिट कधीही लागू शकते.

९ मे, शनिवार.

ऑडिट लागले नाही. यादोराव स्वत: बोलवायला आले. उन्हात, सायकलवर. जावे लागेल.

१० मे, रविवार. एकोडी. दुपारी चार.

यादोरावांच्या पडवीत बसून लिहितो आहे. बस सहाला आहे.

पूर्वी पाट अंधारात, लपून लावत. यादोरावांनी सगळ्यांना सांगितले, माझ्या बहिणीचा दिवसाढवळ्या लागेल. सकाळी अंगणातल्या मांडवात लागला. गावातल्या बायका झाडून आल्या होत्या. त्यांनी निर्मलाबाईंना हळद लावली, कुंकू लावले, कोणी ओटी भरली. एवढ्या बायकांमध्ये मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले.

मग पंगत. जमिनीवर, पळसाच्या पत्रावळीवर. नवरीने वाढायचे नसते, पण त्यांनी ऐकले नाही, भाताची टोपली घेऊन आल्या. माझ्यासमोर थांबल्या. पंगतीत शेजारी बसलेले गावचे सोनार वरणात गुंतले होते.

हळू आवाजात म्हणाल्या, "बसमध्ये मी विचारलं, तवा तुम्ही हो काहून म्हणाले?"

उत्तरे बरीच तयार होती. मी पत्रावळ सरळ केली.

"मले वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेऊन राहिल्या."

"परीक्षाच होती," त्या म्हणाल्या.

आणि भात वाढला. पुरे म्हणायचे राहून गेले, तेव्हा वाढतच गेल्या, वरण वाढणारी बाई मागे येऊन उभी राहीपर्यंत. मग पुढच्या पत्रावळीकडे सरकल्या.

सगळा संपवला. भात चांगला होता.