कपाटातली रेघ

४ फेब्रुवारी, रविवार
तळमजल्याचं घर मिळतंय! दारात हातभर अंगण, उंबरा नाही. आईची चाकाची खुर्ची थेट बाहेर येईल. पक्षाघाताचा झटका आल्यापासून दोन वर्षं ती आमच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. लिफ्ट नाही, आणि उचलून नेऊ म्हटलं की, "मी काय कपाट आहे?"
नदी मात्र दोन गल्ल्यांवर. म्हणूनच ते घर आम्हाला परवडतंय. लिहून ठेवते, उगाच स्वतःला फसवायला नको.

७ फेब्रुवारी
घर आतून पाहिलं. सगळ्या खोल्यांत सॉकेट खांद्याच्या उंचीवर! एजंट म्हणाला, "लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून." घरमालकीण निवृत्त नर्स, एकटीच राहते. सगळे सिस्टर म्हणतात. त्या हसल्या. "कुठली मुलं?" भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून दाखवलं. आत पेन्सिलची रेघ, माझ्या कमरेच्याही वर. "सहा वर्षांपूर्वीचं पाणी. पुन्हा येणार नाही असं मी म्हणणार नाही."
एजंटने कपाळावर हात मारला. "सिस्टर, अशानं विकलं जायचं का घर?"
घर दाखवताना इतकं खरं बोलणारं माणूस भेटलं! वाटभर मन भरून येत होतं.

८ फेब्रुवारी
आईला रेघेचं सांगितलं. "आलं पाणी तर भिजेन. नाहीतरी इथे वाळतच घातलंय मला!"
नवरा म्हणतो, तू ठरव. म्हणजे पुढेमागे त्याला 'तूच म्हणालास' ऐकायला नको. — हे बरंय!

१२ फेब्रुवारी
सिस्टरच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिंपीकाकांना भेटले. पाणी चढायच्या आधी भोंगा होतो म्हणाले. "तुमच्या आईंना खुशाल वर आणा, आमची खोली त्यांचीच." ओळख ना पाळख! डोळ्यांत पाणीच आलं. घ्यायचं ठरलं. शनिवारी, २४ तारखेला सह्या.

१९ फेब्रुवारी
मन खातंय. सिस्टरनी काहीच लपवलं नाही. आणि मी? त्यांनी विचारलं होतं, "घरात कोण कोण?" — "आम्ही दोघं आणि आई." खोटं नाही. पण आईला चालता येत नाही, हे गिळलं. का? त्या काय म्हणतील याचा अंदाज होता म्हणूनच ना?

२३ फेब्रुवारी
फोन करून सांगितलं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "उद्या ये."

२४ फेब्रुवारी
सिस्टरनी घर द्यायला नकार दिला.
"अगं, भोंगा झालाच नव्हता त्या वेळी. दाराबाहेर पडता येईना, घरातल्या माळ्यावर चढले म्हणून जिवंत आहे. तुझी आई कशी चढणार?" एजंट चडफडत निघून गेला. सिस्टरना दुसरं गिऱ्हाईक नाही, हे मला ठाऊक आहे. मला राग यायला हवा होता. त्यांचा हात धरून बसले.
घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चहाला बोलाव तिला. तीन मजले चढेल ना?"