निमगोरी कोण?

प्रिय बाबा,

तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच मला तुमच्याशी कडाकडा भांडायचंय. कारण सांगते.

उद्या चौलची मंडळी माझ्या सायलीला बघायला येणार आहेत. दादाने भाचीचा बायोडेटा छापून आणला. शिक्षण बरोबर, उंची बरोबर. आणि रंग? निमगोरा! आपली सायली, बाबा! माझ्याहून काकणभर काळीच आहे ती.

"हे काय लिहिलंस?" मी ओरडले. तर दादा थंडपणे म्हणतो, "बाबांनी तुझ्या वेळंला असंच लिवलं व्हतं. झालं न्हाय का तुझं लगीन?"

माझ्या तोंडचा रंगच उडाला. माझ्या वेळचा तो माहितीचा कागद मला कुणी दाखवलाच नव्हता.

सासूबाई जन्मभर ऐकवत राहिल्या, "कागदावर एक, घरात आली दुसरीच." मी दर वेळी उसळून म्हणायचे, माझे बाबा खोटं लिहिणार नाहीत! किती भांडले मी तुमच्यासाठी! आणि त्या खरं बोलत होत्या?

दिघीच्या बंदरावर तुम्ही होड्या रंगवायचात. जुना थर खरवडून लाकूड उघडं पडेपर्यंत ब्रशला हात लावत नव्हतात. घाई करणाऱ्याला म्हणायचात, "कुजकं झाकाया रंग देत न्हाय मी." एका निळ्याच्या पाच तऱ्हा तुम्हाला दिसायच्या. पाण्याचा रंग बघून वारा सांगायचात. तुमच्या भजनाला रंग चढला की आळी दारात येऊन उभी राहायची. सगळ्या जगाचे रंग तुम्हाला कळले, मग लेकीचाच तेवढा सांगवेना?

मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट न्याहाळलं. तुम्ही घाईघाईने म्हणालात, "उन्हानं काळवंडलीय, उजळंल." मी मान खाली घालून बसले. काय उजळणार होतं, बाबा?

लेक घरात राहील म्हणून तुम्ही घाबरला होतात, हे मलाही कळतं. आई झाल्यावर तर जास्तच कळतं. तरी राग जात नाही.

ती ओळ मी खोडलीय. दादा फुगून बसलाय, बसू दे. उद्या कुणी रंगाचा विषय काढलाच, तर तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत ते मी सगळ्यांसमोर बोलणार आहे: "ती जन्मापासून अशीच आहे, आणि मला अशीच आवडते." हे माझं तुम्हाला वचन.

तुमची सावळी मुलगी,
कुंदा