दुसरी लाईन पडली

प्रिय फिरदाव्स,

तुझं जर्दाळूंचं पार्सल मिळालं. यंदा पंधरा दिवस उशीर झाला, म्हणून ते घेऊन आलेल्या गाडीच्या डब्यातल्या बाईला मी दोन शब्द सुनावले, तर ती म्हणते, "मावशी, जर्दाळू काय मी वाळत घालते का?" निम्मे जर्दाळू उल्यानाने पळवले. आठवते ना ती, रेनडियर पाळणाऱ्या एवेंक लोकांची पोर, तुम्ही रूळ टाकायला आलात तेव्हा तुमच्या तंबूतली साखर चोरायची? आता ती आजी झाली आहे, पण हाताची सवय तीच.

बातमी अशी की रेल्वेची दुसरी लाईन पडली. खरंच पडली, थट्टा करत नाही. तुम्ही भराव दोन लाइनींचा घातलात आणि रूळ एकीचेच टाकून आपापल्या गावी निघून गेलात. उरलेल्या अर्ध्या भरावावर मी चाळीस वर्षं सरपण रचलं, कपडे वाळत घातले. आता डोंगरापलीकडे तांब्याची खाण सुरू झाली आहे, कोळसाही पूर्वेच्या बंदरावर न्यायचा असतो, आणि एका लाइनीवर एवढ्या मालगाड्या मावेनात. गेल्या वर्षी यंत्रं आली. त्यांच्याबरोबर अल्बिना नावाची इंजिनियर आली, तुझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. माझं सरपण बघून म्हणाली, "आजी, हे कुठल्याच नकाशात नाही." मी म्हटलं, "तुझी लाईन तरी चाळीस वर्षं कुठे होती?" तेव्हापासून ती रोज चहाला माझ्याकडेच असते.

पण लाईन आली आणि माझं स्टेशन गेलं. एकच लाईन होती तेव्हा समोरून येणारी गाडी जाईपर्यंत दुसरीला इथे थांबावं लागायचं, त्यासाठीच तर हे स्टेशन होतं आणि सिग्नल देणारी मी होते. आता कुणाला थांबायची गरज उरली नाही. एक ऑक्टोबरला स्टेशन बंद होणार. सामान हलवायला रेल्वे मालगाडीची एक वॅगन देते, त्याच्या फॉर्मवर फक्त गावाचं नाव घालायचं. ग्लेब म्हणतो, "आई, ब्रात्स्कला ये, नवव्या मजल्यावर आहोत, गाड्यांचा आवाजसुद्धा येत नाही." माझा मुलगा असून त्याला वाटतं की हे आमिष आहे. तीन आठवडे तो फॉर्म साखरेच्या डब्याखाली पडून होता. उल्याना येता-जाता टोमणे मारायची, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांना रस्ता दिलास, स्वतः कुठे जायचं ते ठाऊक नाही."

तुझ्या पत्रांचा गठ्ठा मी परवा काढला. सुरुवातीच्या सगळ्या पत्रांत शेवटची ओळ तीच, "क्लावा, दुसरी लाईन कुठवर आली?" तुझं मोहिराशी लग्न झालं आणि तू ती ओळ बंद केलीस, त्याबद्दल मी मनातून तुला मानलं. पुढे मीही स्तेपानशी लग्न केलं आणि सुखाने राहिले, तो जाईपर्यंत. मग मोहिरा गेली. त्यानंतर दोन वर्षांनी तुझ्या पत्राच्या तळाशी ती ओळ पुन्हा आली. मी उत्तरात हवामान लिहिलं. गेल्या वर्षीही हवामानच लिहिलं.

आता मंगळवारची गंमत ऐक. नव्या लाइनीवरून पहिली गाडी येणार होती, तांब्याची. मोठे साहेब आले, बँड आला, स्वागताच्या रिवाजाप्रमाणे मी स्वतः पाव भाजला आणि वर मिठाची वाटी ठेवली. गाडी बाहेरच्या सिग्नलपाशी आली. इकडे मला कळलं की समोरून कोळशाची गाडी सुटली आहे, आणि हाताने आपलं नेहमीचं काम केलं. मी सिग्नल लालच ठेवला. दहा मिनिटं झाली. साहेब घड्याळ बघताहेत, बँडवाल्यांचे गाल दुखायला लागले. शेवटी वायरलेसवर ड्रायव्हर सेम्योनचा आवाज आला, "क्लावामावशी, मी कुणाची वाट बघतोय?" मी म्हटलं, "समोरून गाडी येते आहे ना." तो म्हणाला, "ती तिच्या लाइनीवरून येतेय, मावशी. आता कुणी कुणासाठी थांबायचं नाही." अल्बिना हसून हसून खाली बसली. मी सिग्नल दिला, 'न थांबता जा' सांगणारी गुंडाळलेली पिवळी झेंडी घेऊन फलाटावर गेले, आणि दोन्ही गाड्या माझ्यासमोर एकमेकींना भेटल्या, न थांबता. दोन्ही ड्रायव्हरांनी भोंगे वाजवले. मला इतका आनंद झाला की मी रडले, आणि मोठ्या साहेबांना वाटलं, नोकरी गेली म्हणून रडते आहे.

सेम्योनचं वाक्य तेव्हापासून कानातून जात नाही. चौऱ्याऐंशीच्या शरदात, शेवटचा रूळ बसला त्या दुपारी, तू साऱ्या तुकडीसमोर मला लग्नाचं विचारलंस. मी बावीस वर्षांची, लाजले आणि म्हणून गेले, "दुसरी लाईन पडली की करीन." सगळे हसले, कारण ती कधी पडणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तू हसला नाहीस. तू ते खरं धरलंस, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि तरी मी काही बोलले नाही. आज बोलते. हो. काल मी फॉर्म भरला आणि गावाच्या जागी तुझं कोनीबोदोम लिहिलं. अल्बिनाने विचारलं, "एवढ्या लांब जाईल का वॅगन?" मी म्हटलं, "इथून तिथपर्यंत रुळाला रूळ जोडलेला आहे, जाईल." वॅगन स्टेशन बंद व्हायच्या आधी, पंचवीस सप्टेंबरला निघेल आणि तिच्या मागच्या गाडीने मी. नको असेल तर ग्लेबच्या फोनवर कळव, मी रागावणार नाही. पण तुझ्या उत्तरासाठी मी इथे थांबणार नाही. आता कुणी कुणासाठी थांबायचं नाही, असा आमच्या लाइनीचा नवा नियम आहे.

इतकी वर्षं पत्राखाली 'तुझी मैत्रीण' लिहीत आले. आज पहिल्यांदा,

तुझीच,
क्लावा