सुमेधची वर्दी

बोळिंज,
५ जानेवारी २०२५

ती. जयवंतीताईस,
प्रल्हादचा सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि सांगायचे राहून जाते, म्हणून पत्र.

आमच्या मैदानावरचा ‘शौर्य सोहळा’ तुला आठवत असेल. पहिल्या वर्षी खरे जवान आले, बँड वाजला, मोटारसायकलींवर मनोरा रचला. गच्च्यासुद्धा भरल्या होत्या. तुझा सुमेध तेव्हा सातवीत. तो फौजेत गेला त्याच दिवशी. भरती पुढे झाली, एवढेच. मग जवान येईनासे झाले, त्यांच्यामागून माणसेही. आता कंत्राटदार आहे. व्यायामशाळेतली पोरे ठिपक्यांचे कपडे घालतात आणि डीजेच्या तालावर शत्रू मरतो.

यंदा गर्दी खेचायला त्यांनी सुमेधचे सीमेवरचे मरण बसवले आहे. तुला पहिल्या रांगेत खुर्ची! सोहळा भरवणाऱ्या मंडळाचे दयाराम म्हणाले, सर, फॅमिलीला प्राउड वाटेल. मी म्हटले, मामाला ओकारी येते आहे. जाहिरात वीररसाची, वाढणार बीभत्स.

तू येऊ नकोस. आमच्या भाचीला, संपदाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढवायला तिळगूळ धाड.

तुझा
प्रल्हाद


चिपळूण,
११ जानेवारी

चि. प्रल्हादास अनेक आशीर्वाद.

तुझे रस मला कळत नाहीत, किळस कळली. मी येत नाही.

पण माझ्याकडून एक चूक झाली रे. दिवाळीत ते दयाराम इथे आले, पाया पडले. म्हणाले, सुमेधची वर्दी द्या, काचेच्या पेटीत बंद ठेवू, मुले बघतील. मी माझ्या हाताने ट्रंकेतून काढून दिली. ती कुणाच्या अंगावर चढता कामा नये. वर्गात पोरांना दटावतोस तसे त्यांना दटाव, पण परत आण. बाकी काही मागत नाही.

तुझी
ताई


बोळिंज,
२७ जानेवारी

ती. ताईस सा. न.

वर्दी मिळाली, पण उशिरा. मंडळाने दहा-बारा दिवस ‘उद्या देतो’ म्हणून झुलवले. पेटीबिटी नव्हतीच. काल सोहळ्याला खुर्च्या सहाशे, माणसे साठ, त्यांतली निम्मी मोबाइल उगारून. सुमेधची वर्दी घालून नालासोपाऱ्याचा कुणी प्रीतम आला, छातीवर लाल रंगाची पिशवी फोडून पडला. नीट पडला नाही म्हणून निवेदकाने पुन्हा पडायला लावले. दोनदा मारले गं आपल्या सुमेधला.

मी स्टेजवर चढलो. दयाराम म्हणाले, सर, लाइव्ह चालू आहे, इमोशनल होऊ नका. प्रीतमने मात्र तिथेच वर्दी उतरवली. काका, मला खरंच माहीत नव्हतं, म्हणाला, आणि बनियनवर कुडकुडत उभा राहिला.

घरी येऊन वर्दी तीन पाण्यांतून काढली. रंग, घाम, त्या मैदानाची सगळी घाण गेली. इस्त्री करून आजच कुरियरने धाडतो. निरुपयोगी भावाने एक काम धड केले, असे संपदाला सांग.

तुझा
प्रल्हाद


चिपळूण,
१ फेब्रुवारी

चि. प्रल्हादास आशीर्वाद.

वर्दी पोचली. इस्त्री सुरेख आहे. तुझ्यावर राग नाही, हे आधी वाच.

नऊ वर्षे मी ती धुतली नव्हती. कॉलरला त्याचा वास होता. महिन्यातून एकदा ट्रंक उघडायची, जरा नाक लावायचे, बंद करायची. हे संपदालाही ठाऊक नाही.

काल तुझे पार्सल उघडले, तर तुमच्या साबणाचा वास.

त्या पोराचा घाम राहिला असता तरी चालले असते रे. त्याच्याखाली कुठेतरी सुमेध असता.

माया आहे तशीच आहे.

तुझी
ताई