धुण्याच्या दगडाखालचा हात

७ जानेवारी
मी बोलते, नात राजसी लिहिते. मला अक्षर येत नाही, त्यामुळे ही पोरगी माझ्या तोंडी काय काय घालते देव जाणे. शिवमंदिराजवळची खोली सोडून आज लेकाच्या, कमळाकरच्या, नव्या घरी बदलापूर गावात आले. लाद्या अशा चकचकीत, की चालायचं का घसरायचं ते आधी ठरवावं लागतं. सूनबाई मीनल वॉशिंग मशीन दाखवत होती. म्हटलं, ते तुझं तू फिरव बाई. मागच्या दारी नळाखाली छान रुंद दगड आहे, घराचा पाया खणताना निघालेला. माझं धुणं तिथंच. राजसीचं लग्न तोंडावर आलंय. परवा कासार चुडा भरायला येणार.

९ जानेवारी
धुताना बोटं दगडाखाली गेली, काहीतरी कोरलेलं लागलं. कमळाकरला पहार घालून उलटायला लावला. वर चंद्र-सूर्य, खाली कोपरात वाकून उभा बाईचा उजवा हात, बांगड्यांनी भरलेला. शेजारची म्हातारी तुळशी बघायला आली, तिने लांबूनच हात जोडले. म्हणाली, ही सतीची शिळा, तिच्या लहानपणीच हरवलेली. गावात लग्न निघालं की पहिली बांगडी हिला, मग नवरीला. कमळाकरने तिला चहा पाजून वाटेला लावलं आणि शिळा पुन्हा पालथी घातली. सरकारी माणसं आली तर वरच्या मजल्याचं काम थांबेल म्हणे. मीनल म्हणाली, बांगडी काय, नंतर वाहू. दुपारी कासाराने चुडा भरला.

१२ जानेवारी
राजसीच्या उजव्या हातात हिरव्या चुड्याआड एक काळी बांगडी. भरताना नव्हती. दिली कुणी? मला मीनलचा संशय, मीनलला माझा. पोरगी म्हणते, कधी आली कळलंच नाही. साबण लावून ओढली, निघेना. काचेची नव्हे. गार आहे.

१४ जानेवारी
संक्रांत. काळ्या आणखी वाढल्या, हिरव्या आपोआप टिचल्या. तुळशीनेच काही केलं असेल म्हणून तिळगुळाच्या निमित्ताने गेले. तिने राजसीचं मनगट पाहिलं आणि दार लावून घेतलं. परत येऊन दगडाखाली चाचपलं. परवा बांगड्यांच्या कडा लागत होत्या. आज मनगट गुळगुळीत.

१५ जानेवारी
माझे हात ओकेबोके, म्हणून काल रात्री मीनलची बांगडी काढून दगडाखाली सरकवली. सकाळी बाहेर चुरा. राजसी म्हणते, पेन जड झालंय आजी, थोडकं सांग.

१७ जानेवारी
राजसीचं उजवं कोपर सरळ होत नाही. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, म्हणाले, हाड दिसतच नाही, सगळं दगडासारखं भरीव —

१८ जानेवारी
कमळाकरने शिळा उलटली. चंद्र-सूर्य आहेत. हात नाही.
थांबू नकोस, राजसी. लिहितेस तोवर हात खाली आहे. शिळेवरच्या हातासारखा वर जाऊ देऊ नकोस — मी मनगट धरलंय — दगड — बोटं उघडतायत — माझ्यावर वाईटसाईट लिही हवं तर, पण लिही — पेन धर, बाळा, घट्ट ध